शिरसाच्या चौकटी

जूनच्या तिसऱ्या रविवारी लाकडाचं वजन वाढलं, तेव्हा गंगाधर निखाडेंना वाटलं, ताणकाटाच बिघडला असेल. त्यांनी हुकाला अडकवलेला तुकडा काढला आणि पाण्यानं भरलेली लिटरभराची बाटली अडकवून पाहिली. काटा बरोबर होता. तुकडा पुन्हा अडकवला. मागच्या रविवारी पाच किलो शंभर ग्रॅम होता, आज पाच तीनशे.

"लाकूड कधी लठ्ठ होते काय?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

चौतीस वर्षं त्यांनी रायपूरच्या रेल्वे वॅगन कारखान्यात सुतारकाम केलं होतं. ओलं लाकूड वाळायला रचलं, की त्यातला एक तुकडा नमुना म्हणून निवडायचा आणि दर आठवड्याला तोलायचा. पाणी उडत जातं तसं वजन उतरत जातं. सलग तीन आठवडे उतरणं थांबलं, की लाकूड वाळलं. मगच त्याला रंधा लावायचा. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. एप्रिलपासून वजन शहाण्यासारखं उतरतही होतं. आणि आता हे.

हे काम त्यांच्या गळ्यात भाचीनं घातलं होतं. पूर्णिमा नव्या रायपुरात आर्किटेक्ट होती आणि एका प्रशिक्षण संस्थेच्या वाचनालयाचा नकाशा तिचा होता. त्या जागेवर आधी धानाची शेतं होती, आणि त्यांच्या बांधांवर अकरा झाडं उभी होती. नऊ शिरसाची, दोन कडुनिंबाची. इमारतीसाठी ती तोडावी लागणार होती. तेव्हा पूर्णिमानं बैठकीत सांगितलं, की बाहेरून फूटभरही लाकूड आणायचं नाही, दारं-खिडक्यांच्या छत्तीसच्या छत्तीस चौकटी याच झाडांच्या करायच्या. ऐकायला ते सगळ्यांना आवडलं. करणार कोण, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा तिनं मामाचं नाव सांगितलं.

इंदूमामीला जाऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. मामानं घरात भिंतीकडे पाहत बसू नये म्हणून पोरीनं हे केलं, हे गंगाधररावांना समजत होतं. पहिल्या दिवशी ते नुसते तिचं मन मोडायचं नाही म्हणून गेले. पण भनपुरीच्या आरा मशीनवर शिरसाचा पहिला ओंडका उघडला, आतून गडद तपकिरी गाभा निघाला, आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला. असं लाकूड कोणाच्या चुलीत जाणं त्यांना पटणारं नव्हतं. त्या दिवसापासून काम त्यांचं झालं.

साइटवर कंपाउंडच्या कोपऱ्यात त्यांनी लाकूड रचलं. दोन थरांमध्ये पट्ट्या, वरून टिनाचे पत्रे. भनपुरीतल्या त्यांच्या घरून तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत, म्हणून ते रविवारी पूर्णिमाच्या गाडीतून जात. ती तिची पाहणी करायची, हे आपलं वजन करायचे.

जुलैत वजन आणखी वाढलं. पावसाची दमट हवा असेल म्हणून त्यांनी पत्रे वाढवले. ऑगस्टमध्ये खाली आणखी विटा घालून रचाई हातभर उंच केली. तरी काटा उतरेना. आरा मशीनवाल्यानं लाकूड बदलून दिलं की काय, असाही संशय आला, आणि स्वतःच केलेल्या खडूच्या खुणा पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ठेकेदाराचा इंजिनिअर निरंजन देशकर हा तिशीचा पोरगा. आईवडील अमरावतीचे, मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. तो येता-जाता विचारायचा, "मामाजी, क्या खबर? लकड़ी प्रेग्नेंट है क्या?"

"तुह्या स्लॅबचं पाहा तू," गंगाधरराव म्हणायचे.

घरी परतल्यावर राग जास्त यायचा. कारखान्यातून चिडून आलं, की इंदू भाजी निवडता निवडता नुसतं "मग?" म्हणायची. सांगत गेलं, की ती पुन्हा "मग?" म्हणायची, आणि चार-पाच 'मग'नंतर सांगण्यासारखं काही उरत नसे. आता ते रविवारी संध्याकाळी कुलूप उघडून आत यायचे आणि राग तसाच्या तसा अंगावर असायचा. चिडायलाही घरात माणूस लागतं.

सप्टेंबरात उद्घाटनाची तारीख ठरली. एक नोव्हेंबर, राज्याचा स्थापना दिवस. म्हणजे महिनाअखेरीला चौकटी भिंतीत बसायला हव्या होत्या. त्या आठवड्यात पाऊस नव्हता, ऊन कडक पडलं होतं. रविवारपर्यंत थांबणं गंगाधररावांना जमेना. गुरुवारी सकाळी ते दोन बस बदलून साइटवर पोहोचले.

कोपऱ्यात एक पन्नाशीचा माणूस प्लास्टिकचा पाइप घेऊन उभा होता. डोक्याला गमछा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यानं एक पत्रा डाव्या हातानं उचलून धरला होता आणि उजव्या हातानं तो लाकडाच्या रचाईवर पाणी मारत होता. मन लावून, एकही तुकडा कोरडा राहू न देता.

"अरे! अरे, क्या कर रहे हो?" गंगाधरराव धावलेच.

"तराई, बाबूजी."

नव्या सिमेंटवर रोज पाणी मारतात, ती तराई. स्लॅब आणि भिंती त्यानं मजबूत होतात.

"लकड़ी की तराई?"

"हव. रोज करथौं. साहब कहे रिहिस, नवा काम सुखाय नइ चाही." मग तो जरा अभिमानानं म्हणाला, "बने भीतर तक देथौं. पत्रा उठा के."

"कब से?"

"जून ले. इतवार के छुट्टी रहिथे."

रविवारी सुट्टी. आणि हे नेमके रविवारी यायचे. गंगाधररावांनी त्याच्या हातातला पाइप हिसकला आणि फेकला. पाइप जमिनीवर वळवळत त्यांच्याच पायावर पाणी उडवत राहिला.

"अक्कल गहाण ठेवली काय बे? लाकूड हाये ते! भिंत नाही! चार महिने मी इथं येऊन डोकं फोडून राहिलो अन् तू रोज त्याले आंघोळ घालून राहिला?"

मराठी त्या माणसाला पुरती समजली नसावी, पण आवाज समजला. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याचं नाव भैय्यालाल. मग त्यानं रचाईतल्या एका तुकड्याचं टोक बोटानं दाखवलं. टोकाला बोटभर चीर होती. मे महिन्यात उन्हानं टोकं फाटायला लागली होती, तो सांगू लागला. फाटलेलं त्याला पाहवलं नाही. यातली चार झाडं त्याच्या बापानं लावलेली, त्यांच्याच बांधावरची. जमीन नव्या राजधानीसाठी गेली, आता तो इथेच मजूर होता. झाडं तुटली ती तुटली, निदान लाकूड तरी फाटू नये म्हणून साहेबाचा सिमेंटचा हुकूम त्यानं स्वतःहून लाकडालाही लावला होता.

गंगाधररावांनी खाली बसून त्या चिरेवर बोट फिरवलं. लाकूड रचायच्या आधी टोकांना डांबर फासायचं असतं, म्हणजे ती फाटत नाहीत. कारखान्यात शिकाऊ पोट्टेही हे करत. मार्चमध्ये ते या लाकडासमोर उभे होते, हातानं काम करत होते, आणि डांबराची आठवण त्यांना झालीच नव्हती. त्या दिवसांत त्यांना बरंच काही आठवत नव्हतं. आणि हे लाकूड इथं कशासाठी ठेवलंय, हे सहा महिन्यांत त्यांनी साइटवरच्या एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. वजन करायचं आणि गाडीत बसून जायचं.

"चल, खोल इसको," ते म्हणाले.

दिवसभर दोघांनी रचाई उघडली. बाहेरचे थर ओले, काहींवर काळी बुरशी. मधल्या थरांपर्यंत मात्र पाणी पोहोचलंच नव्हतं, ते लाकूड चांगलं वाळलं होतं. गंगाधरराव एकेक तुकडा हातात घेऊन दुसऱ्या तुकड्यानं वाजवायचे, आवाज ऐकायचे आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचे. संध्याकाळपर्यंत तेरा चौकटींचं लाकूड डावीकडे निघालं. तेवीस चौकटींचं उजवीकडे राहिलं.

शनिवारी साइट ऑफिसात निरंजननं त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. छत्तीस चौकटींचं सर्व लाकूड पूर्ण वाळलेलं असून वापरण्यास योग्य आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली सहीची जागा. पूर्णिमा शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"साइन कर दीजिए मामाजी. पेंट चढ़ जाएगा, फिर कौन देखता है?"

"अन् उन्हाळ्यात चौकट पिळली म्हणजे? दार लागणार नाही."

"तब की तब देखेंगे."

"मी तेरा चौकटींची सही करतो. बाकीच्यांची नाही."

"तो फिर ऊपर का पूरा फ्लोर एल्युमिनियम. मैं आज ही ऑर्डर डालता हूँ. और वो लकड़ी सोमवार तक हटवानी पड़ेगी, वहाँ लॉन आना है. भट्ठेवाले को बोल देता हूँ, ट्रैक्टर ले आएगा."

वीटभट्टी. पूर्णिमानं खुर्ची पुढे ओढली. "मामा, करा ना सही. एका सहीनं सगळं वाचते. नाही तर भट्टीत जाईन ते."

"आज सही केली तर दोन वर्षांनी भट्टीत जाईन, पोरी. फरक काय? अन् तेव्हा लोकं काय म्हणतीन? इथलं लाकूडच बेकार, बाहेरदेशचं आणा. मग तू पुढच्या बैठकीत कोणत्या तोंडानं सांगशीन, की बांधावरचं झाड चौकटीले चालते म्हणून?"

"पर इसमें गलती किसकी है, ये तो बताइए," निरंजन म्हणाला. "पानी डाला किसने? नाम दीजिए, आज ही उसकी छुट्टी करता हूँ."

"लिही. गंगाधर निखाडे."

"मामाजी, मज़ाक मत कीजिए."

"मजाक काहून करीन? टोकायले डांबर लावलं नाही, मी. कोणाले काही सांगितलं नाही, मी. तू त्याले म्हटलं, नवं काम सुकू देऊ नको, त्यानं नाही सुकू दिलं. या अख्ख्या साइटवर सांगितलेलं काम मन लावून करणारा तो एकच माणूस हाये, अन् त्यालेच काढून राहिला?"

निरंजननं कागदावर छत्तीस खोडून तेरा केलं आणि पेन त्यांच्यापुढे आपटलं. त्यांनी सही केली.

बाहेर येऊन पूर्णिमा गाडीचं दार धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती चिडलेली होती. "तुमचं खरं झालं, मामा. मी सगळ्यांसमोर छत्तीस म्हटलं होतं. आता सगळे हसतीन मला."

"हसू दे. संस्थेच्या वसतिगृहाचं काम कधी सुरू होऊन राहिलं?"

"मार्चमध्ये. पण त्याचा काय संबंध?"

"मार्चपर्यंत हे वाळते. तिथं लाव."

"आणि तोवर ठेवणार कुठे? तुमच्या दोन खोल्यांत? दुसऱ्या मजल्यावर?"

पूर्णिमानं ऑफिसच्या गोदामाला फोन लावला, जागा नाही म्हणाले. दुसरा फोन लावला, तिथंही नाही. गंगाधरराव उन्हात उभे राहून, एवढ्या मोठ्या राजधानीत तेवीस चौकटींएवढी कोरडी जागा नसावी, म्हणून पुटपुटत राहिले.

भैय्यालाल केव्हापासून थोड्या अंतरावर उभा होता. आपली नोकरी गेली की राहिली, हे विचारायला तो आला असावा. त्यानं ते विचारलं नाही. तो म्हणाला, "बाबूजी, हमर घर के कोठा खाली हे."

कोठा म्हणजे गोठाच. जमीन गेल्यावर त्यानं बैल विकले होते, तेव्हापासून तो रिकामाच. वर कौलं, तीन बाजूंनी कमरेइतकीच भिंत, वारा आरपार. गंगाधररावांनी अजून पाच-सात प्रश्न विचारले. छत गळते काय? जमीन ओलसर आहे काय? वाळवी? मग त्यांनी मान हलवली.

सोमवारी भट्टीवाल्याचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर भैय्यालालच्याच पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला होता. लाकूड भरून तो वीटभट्टीचा रस्ता सोडून गावाकडे वळला.

कोठ्यात शेणानं सारवलेली कोरडी जमीन होती. गंगाधररावांनी डांबराचा डबा उघडला आणि बसकण मारून एकेका तुकड्याच्या दोन्ही टोकांना ब्रशनं डांबर फासायला सुरुवात केली. सत्तर-एक तुकडे होते. भैय्यालाल रचत होता. रचता रचता त्यानं विचारलं, "अब रोज का करना हे?"

"कुछ नहीं."

"कुछू नइ?"

"कुछ नहीं करना है. हवा करेगी. तुम सिर्फ देखना, भीगे नहीं."

भैय्यालालला हे पटलेलं दिसलं नाही. चार महिने रोज काही ना काही करून मग नुसतं पाहत बसायचं, हे कसलं काम, असा त्याचा चेहरा झाला. गंगाधररावांना ते समजलं, पण त्यांच्याकडे दुसरं काम द्यायला नव्हतं.

तेवढ्यात पूर्णिमाचा फोन आला. वसतिगृहाच्या बैठकीत तिनं पुन्हा विषय काढला होता. "ते लोक गॅरंटी मागून राहिले, मामा. मार्चमध्ये लाकूड नक्की मिळेल अशी. लिहून द्या म्हणतात."

"फेब्रुवारीत देईन."

"त्यांना आज पाहिजे."

"आज लाकूड ओलं हाये. आज काय लिहून देऊ? फेब्रुवारीत म्हण."

"मामा, तुम्ही पण ना!" तिनं फोन ठेवला.

त्यांनी फोन खिशात टाकला. बोटांचं डांबर खिशाला लागलं. त्यांनी पुढचा तुकडा ओढला, आणि समोर पाहिलं तर भैय्यालालनं वरचा थर पट्ट्यांशिवायच, तुकड्याला तुकडा चिकटवून रचलेला.

"अरे भैय्यालाल! बीच में पट्टी कौन डालेगा? तेरे ससुर आएँगे क्या?"

भैय्यालाल पहिल्यांदाच हसला. "ओ मन अब नइ आवँय, बाबूजी. कबके गुजर गे."

"मग तूच टाक," गंगाधरराव म्हणाले, आणि उठून स्वतःच तो थर उचलायला लागले.