निळ्यांचा टब

दर मंगळवारी आम्हाला माल पुरवणाऱ्या काकूंचा खोका येतो आणि दर मंगळवारी आमच्या दुकानात दादाचा तोच आरडाओरडा होतो. या मंगळवारी तर मला तो ऐकायचंही जिवावर आलं होतं.

खोक्यात मश्रूम असतात. खायचे नव्हेत. समुद्रात दगडाला चिकटून राहणारे, मऊ चकतीसारखे प्रवाळ. हौशी लोक ते घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवतात. लाल, हिरवे, ठिपक्यांचे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि ज्यांच्यासाठी माणसं महिनाभर थांबतात ते निळे. समुद्रातून खरवडून आणलेला माल आम्ही घेत नाही. तो बाबांचा नियम. काकू घरीच टबांत वाढवतात. एका मश्रूमचे ब्लेडने चार तुकडे करायचे, दगडांच्या चुऱ्यात जाळीखाली ठेवायचे आणि पंधरा दिवस त्यांच्या वाटेला जायचं नाही. बहुतेक वेळा चारांचे चार मश्रूम होतात.

"पुन्हा मातकट!" दादाने पहिलीच पिशवी उजेडात धरली. "निळे म्हणून चिखल पाठवते ही बाई. लाव फोन तिला."

पिशवीतला मश्रूम चांगला निळाशार होता.

"लावते," मी म्हणाले, आणि लावला नाही.

सहा महिने हेच चाललं होतं. दादा माल निवडायचा, निळे उचलून मातकटांच्या टबात टाकायचा, आणि तो जेवायला घरी गेला की मी ते परत निळ्यांच्या टबात नेऊन ठेवायचे. दुपारी पाच मिनिटं पाठ टेकावी, तर ती वेळ या कामात जायची. पण मी मूग गिळून गप्प बसले. दिवसभर उभं राहून पाय भरून आले असताना मोठ्या भावाला त्याची चूक सांगायची हौस कुणाला असते?

दादाच्या मते सगळा दोष दिव्याचा होता. निळं खुलून दिसत नाही म्हणून त्याने टबावरचा दिवा बदलला. मग त्याहून मोठा आणला. मग तोही साखळी सोडून खाली घेतला. मश्रूमला मंद उजेड लागतो हे मला शिकवणारा दादाच. मी एकदा आठवण करून दिली, तर म्हणाला, "तू मला शिकवू नकोस." बरं बाबा, नाही शिकवत.

खरं सांगायचं तर माझं तोंड बंद होतं ते दाराजवळच्या खुर्चीमुळे. ती बाबांची. बाबाही शेवटी शेवटी असाच टबांचा घोळ घालायला लागले होते. एकदा गिऱ्हाइकासमोर दादा त्यांच्यावर ओरडला, "तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली? बसा बघू जरा." बाबा त्या खुर्चीत जाऊन बसले आणि चार वर्षं, अगदी जाईपर्यंत, तिथेच बसून राहिले. आलेल्या माणसाला "या" म्हणायचं, एवढंच काम त्यांना उरलं होतं. दादाची या दुकानातली सगळी ऐट त्याच्या नजरेवर होती. ती गेली म्हणजे त्याच्या नशिबी ती खुर्ची, आणि तिथे बसवणारी मी. ते माझ्याने होत नव्हतं.

त्या मंगळवारी नवे मश्रूम ठेवायला मी निळ्यांच्या टबात हात घातला. मधल्या दगडावर बाबांनी लावलेले पहिले निळे आहेत. तळहाताएवढे असायचे ते, आता शर्टाच्या बटणाएवढे झाले होते. कडा पांढऱ्याफटक. दोन तर बोट लागताच सुटून आले.

मी दिव्याचा प्लग ओढला.

"काय करतेस?" दादा धावत आला.

"हे जळतायत, दादा."

"अगं, उजेड पुरत नाही म्हणून तर..."

"उजेड जास्तच झालाय. तुला निळं दिसत नाहीये."

तो काही बोलायच्या आत मी दोन वाट्यांत दोन मश्रूम ठेवले आणि खिडकीपाशी नेले. "यातला निळा कुठला?"

तो वाकला. चष्मा पुसला, पुन्हा वाकला. मला त्याच्याकडे बघवेना.

"दोन्ही मातकट आहेत," तो म्हणाला.

"डावीकडचा निळा आहे."

"कधीपासून चाललंय हे?"

"सहा महिने."

"मग टबात बरोबर कसे काय..." तो थांबला. माझ्या ओल्या हातांकडे त्याने पाहिलं आणि त्याला कळलं. आता हा दुकान डोक्यावर घेणार म्हणून मी मनाची तयारी केली. पण त्याने फक्त बाबांच्या दगडावरून बोट फिरवलं.

"म्हणजे यांना मी भाजलं."

"दोघांनी मिळून. मी गप्प बसले ना."

मला त्याची इतकी दया आली की मी भराभर बोलत सुटले. "मोतीबिंदू असेल रे. सगळं पिवळट दिसायला लागतं, निळं तर मारच खातं. सासूबाईंना नव्हता का? अर्ध्या तासात काढला. दुसऱ्या दिवशी उठून माझ्या घरातली जळमटं मोजायला लागल्या. मी वेळ घेते डॉक्टरांची, उद्याचीच घेते."

तो हसला नाही.

"अर्ध्या तासात?"

"हो रे. काही दुखत नाही."

दादा दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "मग बाबांचाही निघाला असता."

चार वर्षं आम्ही दोघं त्यांच्या समोरून टब घेऊन ये-जा करत होतो, आणि त्यांना काय दिसतं हे एकदाही विचारलं नव्हतं. वय झालं म्हणायचो. दादा जाऊन त्या खुर्चीत बसला. ऊठ म्हणायचं त्राण माझ्यात नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं.

"या," दादा खुर्चीतूनच म्हणाला.