चार बोटं माती

सामना चारला सुरू व्हायचा होता आणि दोनच्या सुमाराला पाहुण्यांच्या व्यवस्थापकानं खिशातून मोजपट्टीची फीत काढली.

मावशीला वाटलं, मोजू दे बापड्याला. तीन आठवडे ती, तिचा दीर आणि रोलर ओढणारे दोघं या मैदानावर राबले होते. तपासणीच्या लोकांनी दोन पानी यादी दिली होती. इथे गवत नाही, तिथे पाणी साचतं, गोलसमोर खड्डे आहेत. ‘नाही जमलं तर पात्रतेचा शेवटचा सामना दुसऱ्या देशात खेळा,’ असंही वर लिहिलं होतं. फुटबॉल संघटनेचे सचिव तर तेव्हाच तयार झाले होते. ‘आपली लायकीच नाही, उगाच हट्ट कशाला?’ म्हणाले होते. खुर्चीतून न उठता मैदानाची लायकी सांगणारा माणूस! उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मावशीनं यादीतली एकेक ओळ खोडून दाखवली तेव्हा कुठे सामना घरच्या मैदानावर राहिला.

मैदान तिच्याकडे नवऱ्यामागे आलं, त्याला सोळा वर्षं झाली. माळ्यापासून कर्णधारापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. एकटी गोलकीपर तेवढी आई म्हणायची, कारण ती होतीच तिची पोर. पेपरवाले त्या पोरीला ‘बुटकी’ म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, उंची बेताचीच होती. पण पाच सामन्यांत तिनं दोनच गोल खाल्ले होते. उंच पोरी ठेवणाऱ्या किती संघांना ते जमलं, ते पेपरवाल्यांनी कधी छापलं नाही.

व्यवस्थापकानं शाळेच्या बाजूच्या गोलाखाली फीत टेकवली, वर आडव्या खांबापर्यंत ताणली आणि तो हसला. मग त्यानं सामनाधिकारी बाईंना हाक मारली. बाईंनी स्वतः मोजलं. एकदा मधे, एकदा दोन्ही कडांना.

“आठ फूट हवेत,” बाई म्हणाल्या. “चार बोटं कमी भरतायत.”

मावशी गुडघ्यावर बसली, गवतावर हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं. वर्षानुवर्षं गोलकीपर उभ्या राहून तिथे खळगा पडला होता. यादीत लिहिलं होतं, खळगा भरा. तिनं भरला. जरा चढाच भरला, पाऊस झाला की बसेल म्हणून, धुमसानं ठोकला, वर हिरवंगार गवत बसवलं. उंची मात्र तिनं माती टाकायच्या आधी मोजली होती. आधी माप, मग माती. पहिल्या दिवशी कामाला आलेल्या माणसालाही हसू येईल अशी चूक. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

“आमची हरकत लिहून घ्या,” व्यवस्थापक म्हणाला. “मैदान नियमात नाही. सामना होत नसेल तर दोष यजमानांचा. तीन–शून्य आम्हाला द्या.”

सचिव धावत आले. त्यांनी घाम पुसला आणि पहिलं वाक्य काय बोलावं? “कुठे सही करायची?”

“कसली सही?” मावशी उठली.

“मावशी, तुम्ही आता गप्प बसा. जे केलंत तेवढं पुरे झालं. इथवर आलो हेच खूप आहे आपल्यासाठी. उगाच तमाशा नको, दंड नको.”

“इथवर आलो म्हणजे? आपण पायी चालत आलो का? पोरी खेळून आल्यात!” मावशीचा आवाज चढला. “गणित तरी येतं का साहेब तुम्हाला? यांचे आणि आपले गुण सारखे. गोलांचा फरक आपला तीन, यांचा दोन. आज बरोबरी झाली तरी गटात आपण पहिले, म्हणजे सरळ मुख्य स्पर्धेत. हरलो तरी सगळं संपत नाही. दोन गटांतल्या दुसऱ्या संघांमधून जो बरा, त्याला अजून एक संधी आहे. तिकडचे सामने संपलेत, त्यांच्या दुसऱ्याचे गुण आपल्याइतकेच, फरक एक. म्हणजे एका गोलानं हरलो तर आपण त्यांच्या पुढे. दोननं हरलो तर चिठ्ठ्या. आणि तुम्ही तीन–शून्यावर सही केलीत तर घरी! मैदानात हरू एकवेळ, कागदावर नाही हरायचं.”

हे गणित गेले आठ दिवस अवजारांच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, पण त्या खोलीत यायला सचिवांना कधी सवड झाली होती?

मावशी बाईंकडे वळली. “बाई, सामना चारला ना? चारपर्यंत गोल मापात बसला तर?”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “चारला सामना सुरू झाला पाहिजे. साडेतीनला मी पुन्हा मोजेन, फार तर पावणेचारला शेवटचं. तोवर बसलं तर हरकत निकालात निघेल.”

“खांब वर उचलता येईल?” दिरानं हळूच विचारलं.

“खांब सिमेंटात रोवलेत, भावजी. तुम्हीच रोवलेत. खणायचं.”

“वहिनी, अहो, एवढं गवत...”

“गवत गेलं खड्ड्यात! कुदळ आणा.”

पहिला घाव तिनंच घातला. तीन आठवडे पाणी घालून, उन्हात सावली धरून जगवलेलं गवत होतं ते. तिनं ते मुठीमुठीनं उपटून बाजूला टाकलं. रोलरवाले घमेली भरायला लागले. दीर दोरी बांधून पातळी धरायला बसला. पाहुण्यांच्या पोरी बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यातली एक हसत होती. हस बाई, मावशी मनात म्हणाली, घोडामैदान जवळच आहे.

खणता खणता दीर थबकला. “वहिनी, एक बोलू? खांब खाली होता तेच आपल्या पोरीला बरं होतं. तिचा हात तेवढाच पोचतो. तुम्ही तिच्यावरच चार बोटं वाढवताय.”

हे मावशीला कळत नव्हतं असं नाही. पहिल्या घावालाच कळलं होतं. कोणत्या आईला कळणार नाही? ती क्षणभर कुदळीवर रेलली.

“मग काय करू? तिला छोट्या गोलात उभी करून जिंकवू? उद्या कुणी म्हणालं, आईनं लेकीसाठी गोल बुटका केला, तर ती तोंड कुठे लपवेल? खणा.”

साडेतीनला बाईंनी फीत लावली. एक बोट कमी होतं. मावशीनं कुदळ टाकली आणि खुरप्यानं, मग चक्क हातांनी माती ओढली. पावणेचारला बाई पुन्हा वाकल्या, तिन्ही ठिकाणी मोजलं आणि व्यवस्थापकाला म्हणाल्या, “आठ फूट. हरकत फेटाळली.” त्यानं फीत गुंडाळून खिशात टाकली. मावशीची नखं फुटली होती, पदर मातीनं माखला होता.

सामना सुरू झाला. पहिला अर्धा वेळ लेक दुसऱ्या बाजूच्या गोलात होती, हिरव्या गवतावर. शून्य–शून्य. मध्यंतरानंतर ती त्या उघड्या मातीत येऊन उभी राहिली. दोन चेंडू तिनं पोटाशी धरले, एक पायानं उडवला. ऐंशी मिनिटं झाली. शून्य–शून्यच. गॅलरीत लोक उभे राहिले होते, सचिवसाहेब शेजारच्यांशी हस्तांदोलनं करत होते, जणू सगळं त्यांनीच खणलं होतं.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पाहुण्यांच्या दहा नंबरनं लांबून चेंडू मारला. लेक उडाली. बोटं ताणली. चेंडू बोटांच्या वरून आणि खांबाच्या खालून गेला. मधे जागा होती ती नेमकी चार बोटं.

पाहुण्यांच्या पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. सचिव जिन्यावरून खाली आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “झालं समाधान? तुम्हीच खणून दिलात तो गोल!”

“हो, मीच खणला!” मावशी तितक्याच मोठ्यानं म्हणाली. “मापाच्या गोलात गेलाय, खरा गोल आहे. आणि अजून एकच झालाय. तुम्ही तीन देऊन बसला होतात!” मग ती त्यांच्याकडे पाठ करून मैदानाच्या कडेला धावली आणि तोंडाशी हात धरून पोरींना एकच गोष्ट सांगत सुटली, “एकच! दुसरा नाही! दुसरा नाही!”

उरलेली मिनिटं पोरींनी कुणी डोकं, कुणी छाती, कुणी पाठ मधे घातली. शेवटच्या क्षणाला दहा नंबर एकटीच पुढ्यात आली, तेव्हा लेकीनं तिच्या पायांत उडी मारून चेंडू छातीखाली दाबला आणि शिट्टी होईपर्यंत सोडला नाही.

एक–शून्य. पाहुणे सरळ स्पर्धेत गेले. बाईंनी आकडे दोनदा पडताळले आणि जाहीर केलं, दुसऱ्यांमध्ये यजमान पुढे. शेवटच्या एका जागेसाठी अजून दोन सामने, पहिला समोरच्या संघाच्या देशात, दुसरा याच मैदानावर, तीन आठवड्यांनी. सचिव लगेच फोटोसाठी कोट झटकायला लागले.

बाकीच्या पोरी कपडे बदलायला गेल्या. लेक गेली नाही. ती त्या मातीत उभी राहून वर आडव्या खांबाकडे बघत होती. तोंडावर चिखल आणि त्यातून डोळ्यांतलं पाणी ओघळलेलं. मावशी जवळ गेली. मायेनं गळ्यात पडावं असं फार वाटलं तिला. पण पोरीचे ओठ घट्ट मिटलेले दिसले आणि ती थांबली.

“चार बोटं कमी पडले मी,” लेक म्हणाली.

“ती चार बोटं मी खाली खणली,” मावशी म्हणाली. “एक मूठही परत भरणार नाही, सांगून ठेवते. तू वर चढ.”

लेकीनं बाहीनं तोंड पुसलं, हातमोज्यांचे पट्टे आवळले आणि दोन पावलं मागे सरली.

“मग बघत काय राहिलीस? चेंडू टाक.”

मावशीनं खेळायचा चेंडू जन्मात फेकला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. लेकीनं उडून तो अलगद धरला आणि वैतागून परत तिच्याकडे भिरकावला.

“वर टाक, आई! खांबाला लागेल असा!”