वीतभर डावीकडे

शाहिद मुल्लाणीनं डाव्या पायानं दिलेला तो पास आनंदा इंगवलेला मनापासून आवडला आणि त्याच्या बुडाखालचा दगड वीतभर डावीकडे सरकला.

दुपारचे सव्वाचार झाले होते. कोल्हापुरातल्या जुन्या स्टेडियमवर वरच्या पेठेची वाघजाई तालीम आणि खालच्या पेठेचं रणझुंजार मंडळ यांची फुटबॉल लीगची मॅच चालू होती. दगडी पायऱ्यांच्या उजव्या अंगाला वरची पेठ बसते, डाव्या अंगाला खालची, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत चुन्याचा पट्टा मारलेला असतो. आनंदा वरच्या पेठेचा. चौथ्या पायरीवर, पट्ट्यापासून चाळीस वीत अलीकडे, त्याचे वडील बसायचे. ते गेल्यावर तिथं आनंदा बसू लागला. तालमीत ज्याची जागा त्याची, मग तो आजारी असला तरी त्या दिवशी ती मोकळी ठेवतात. शाहिद मात्र रणझुंजारचा आठ नंबर होता, म्हणजे ज्याचा पास वरच्या पेठेतल्या माणसाला कधीच आवडता कामा नये असा.

दगड बसण्यापुरता चौकोनी निघाला आणि आनंदाला घेऊन गुमान सरकला. डावीकडचा म्हातारा उठला, आनंदाला पुढं जाऊ दिलं आणि मोकळ्या जागेत अंग चोरून बसला.

उजवीकडं रंगा निकम होता. तीस वर्षं तो आनंदाच्या मांडीला मांडी लावून मॅच बघत होता. आता मध्ये म्हातारा आला होता.

"सरकलास," रंगा म्हणाला.

"व्हय."

"काय बघितलंस?"

"काय न्हाई."

"मला सांगू नको. दगड काय उगंच सरकतोय व्हय?"

आनंदानं मैदानाकडं तोंड फिरवलं. त्याला लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे तो पास अजून डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आता आनंदा म्हणजे मतांचा माणूस. त्याचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, पण लोक तिथं यंत्रं कमी आणि कान जास्त घेऊन यायचे. परदेशातली मोठमोठी स्टेडियमं त्यानं टीव्हीवर बघितली होती आणि त्यातलं एकही त्याला पटलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की तिथं माणूस खुर्चीत बसतो, खुर्चीला पाठ टेकते, आणि पाठ टेकली की माणूस विचार करायला लागतो. फुटबॉल बघताना दगडच पाहिजे. गोल झाल्यावर कोपऱ्यात जाऊन नाचणाऱ्या नामांकित खेळाडूंवर त्याचा खास राग होता. तो नाच त्यांनी आदल्या दिवशी बसवलेला असतो, म्हणजे गोल होणारच हे त्यांनी धरलेलं असतं, असल्या माणसाचा गोल रेफ्रीनं मोजूच नये. रणझुंजारबद्दलचं त्याचं मत दोन शब्दांत संपायचं, आणि ते दोन शब्द घरात बायकापोरांसमोर वाचता येतील असे नाहीत.

पण मत तोंडात असतं आणि डोळा डोळ्याच्या जागी असतो. आनंदाचा डोळा लई चांगला होता. हीच त्याची अडचण झाली.

पुढच्या मॅचला रणझुंजार दुसऱ्याच संघाशी खेळत होतं. आनंदा केवळ त्यांना शिव्या द्यायला गेला आणि सहा वीत सरकून परत आला. त्याच्या पुढच्या मॅचला चार. शाहिद पळायचा नाही, चालल्यासारखा यायचा, आणि चेंडू जिथं कुणीच नाही तिथं टाकायचा. मग तिथं कुणीतरी असायचं. आनंदानं ओरडून सांगितलं, "पळता येत न्हाई गाढवाला!" दगड हलला नाही. मग मनात आलं, की पळायची गरजच काय पडते याला? दगड सरकला.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दत्ता भोपळे असाच सरकत सरकत पट्ट्यापलीकडं गेला होता. त्याला कुणी मारलं नाही, कुणी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो तालमीच्या कट्ट्यावर आला, तेव्हा सगळ्यांनी उठून त्याला जागा दिली आणि "बसा पाहुणं" म्हटलं. दत्ताला ते "पाहुणं" इतकं लागलं की तो चहा न पिताच गेला. आनंदाला दुसरं कशाचं भय नव्हतं. रंगानं आपल्याला पाहुणं म्हणू नये, एवढंच.

रंगा हातपाय गाळणाऱ्यातला नव्हता. त्यानं तालमीतले दोन पैलवान आणून आनंदाच्या दोन्ही बाजूंना बसवले. दगड सरकला तो पैलवानांना ढकलून. मग रंगानं वाळूची पोती आणली, मग आनंदाच्या कमरेला कासरा बांधून त्याचं दुसरं टोक तालमीच्या झेंड्याच्या खांबाला बांधलं. शाहिदनं टाचेनं चेंडू मागं दिला, तेव्हा आनंदा तीन वीत सरकला आणि मागोमाग खांबही आला. झेंडा तसाच फडकत होता. वरच्या पेठेनं टाळ्या वाजवल्या, कारण झेंडा पुढं जाताना बघून त्यांना बरं वाटलं.

"त्याच्यातली खोट शोध," रंगा म्हणाला. "एक खोट सापडली की माणूस मनातनं उतरतोय."

म्हणून आनंदा सकाळी सहाला खालच्या पेठेच्या मैदानावर गेला. शाहिद एकटाच सराव करत होता. एका दगडावर दुसरा दगड ठेवून तो चेंडूनं फक्त वरचा पाडत होता. आनंदा तासभर उभा राहिला.

"काका, काय बघायलाय?" शाहिदनं विचारलं.

"तुझ्यातली खोट."

"गावली?"

"उजवा पाय."

"तो व्हय!" शाहिद हसला. "तो नुसता उभं राहायला ठेवलाय. तुम्हीच पहिलं वळखलं बघा. आमच्या कोचला अजून पत्ता न्हाई."

असलं उत्तर आवडू नये तर काय करावं? आनंदा घरी आला तेव्हा त्याचा जेवायचा पाट भिंतीजवळून उठून दाराकडं आला होता. दुकानात स्टूल उंबऱ्यापाशी येऊन थांबलं होतं. दोन दिवसांनी पाट अंगणात गेला. घराचं दार खालच्या पेठेकडं उघडत होतं, त्यामुळं पाटाला विचार करावा लागला नाही.

बायको मालन ताट घेऊन अंगणात आली. "आमटी हितंच वाढू, का उद्याचं धरून गेटाजवळ वाढू?"

"तुला गंमत वाटायलीया."

"वाटंल न्हाईतर काय? माझं माहेर खालच्या पेठंत. मला एका दिवसात हिकडं आणलं, बँड लावून. तुमास्नी दोन महिनं झालं तरी अजून पट्टा गावंना."

आनंदाचा घास हातात राहिला. तीस वर्षांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं, की तुला तिकडून इकडं येताना कसं वाटलं. आता विचारलं.

"पहिलं वरीसभर सगळी मला पाहुणी म्हणायची," ती म्हणाली. "मग इसरली. खावा, गार हुतंय."

त्याच आठवड्यात तालमीसमोरच्या चहावाल्यानं, ज्याच्याकडं आनंदा मिसरूड फुटल्यापासून चहा पीत होता, त्याला विचारलं, "साखर किती घालू, पाहुणं?" चहावाल्यानं लगेच जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. आनंदाला रडू आलं आणि त्यानं ते वाफेवर ढकललं.

आणखी एक गोष्ट त्याला खात होती. पलीकडून इकडं कुणीच सरकत नव्हतं. खालच्या पेठेतली एवढी हजारो माणसं, त्यातल्या एकालाही वाघजाईचं काही आवडू नये? स्वतःच्या सरकण्यापेक्षा हा अपमान त्याला मोठा वाटायचा. तो त्यानं कुणाला बोलून दाखवला नाही.

फायनल वाघजाई आणि रणझुंजार यांच्यातच आली. आनंदा चौथ्या पायरीवर जाऊन बसला, तेव्हा त्याच्या आणि चुन्याच्या पट्ट्याच्या मध्ये एक वीत उरली होती. पट्ट्याला लागून दोन्हीकडं मोकळी जागा सोडतात, म्हणून त्याच्या आसपास कुणी नव्हतं. पट्ट्यावर बंदोबस्ताचा हवालदार उभा होता. त्यानं आनंदाकडं बघितलं, मग पट्ट्याकडं बघितलं, आणि बूट अर्धा इंच पलीकडं घेतला. माणूस सज्जन होता.

आनंदानं तालमीचा हिरवा रुमाल काढून डोळ्यांवर घट्ट बांधला. बघायचंच नाही म्हटल्यावर आवडणार काय?

"आन्या!" लांबून, एकोणचाळीस वितींवरून, रंगाची हाक आली. "भिऊ नको! मी सांगतो तुला सगळं!"

आणि रंगानं दोन्ही हातांचा भोंगा करून मॅच सांगायला सुरुवात केली.

"शाहिदला बॉल गावंना! शाहिद रेफ्रीला इचारायलाय, बॉल बघितला का म्हणून!" रंगा ओरडला. "शाहिद पडला! सोताच्याच पायात पाय घालून पडला! आता उठला. आता तोंड तिकडं करून पळायलाय, त्यांच्याच गोलकडं!"

वरची पेठ आधी गोंधळली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. रंगानं "शाहिद पडला" म्हटलं की तीन हजार माणसं खदाखदा हसू लागली, "आपला गोल हुकला" म्हटलं की चुकचुकू लागली. ढोल रंगाच्या तोंडाकडं बघून वाजू लागले. मैदानात खरं काय चाललंय ते वरच्या पेठेनं त्या दिवशी अर्ध्याच डोळ्यानं बघितलं. एका माणसासाठी एवढी माणसं खोटं बोलत होती. रुमालाखाली आनंदाचे डोळे भिजले, आणि त्यानं ठरवलं की काही झालं तरी आज इथून हलायचं नाही.

तशी वाघजाईच्या गोलकीपरनं पण कमाल केली, असं रंगा सांगत होता. यावर मात्र कुणाचाच विश्वास बसत नव्हता. गोलकीपर संभा मगदूम साडेसहा फूट होता, पण आनंदाच्या मते त्या उंचीचा उपयोग माळ्यावरचे डबे काढण्यापुरता होता. संभा चेंडू आल्यावर उडी मारायचा आणि गेल्यावर खाली यायचा.

"किती मिनिटं ऱ्हायली?" आनंदानं विचारलं.

"दोन!" रंगा म्हणाला. "झीरो झीरो! शाहिद दमलाय, बसलाय खाली. पाणी मागायलाय. त्याला कुणी पाणी दीना. शाहिद आता उठलाय, बॉल त्याच्याकडं... म्हंजे बॉल त्याच्याकडं न्हाईच. शाहिद आपला मोकळाच उभा हाय. शाहिदनं वर बघितलंय. शाहिद..."

रंगा थांबला.

ढोल थांबले. हसणारे थांबले. आनंदानं असली शांतता आयुष्यात ऐकली नव्हती. चांगला पास गेला की स्टेडियम अर्धा क्षण गप्प होतं, ते त्याला ठाऊक होतं. ही शांतता त्याहून मोठी होती, आणि संपत नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी आपला दगड धरून ठेवला. दगड जागचा हलला नाही.

मग दगड घासल्याचा आवाज आला. तो त्याच्या दगडाचा नव्हता. आवाज उजवीकडून येत होता, आधी एक, मग दहा, मग जात्यावर जाती फिरावीत तसा सगळीकडून. आनंदाच्या उजव्या खांद्याला कुणीतरी धडकलं.

"जरा सरक की," रंगा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

आनंदानं रुमाल ओढून काढला.

शाहिदनं चेंडू मैदानाच्या मध्यावरून मारला होता. चेंडू अजून वर चढत होता. फार वर, आणि अगदी गोलाच्या रोखानं. शाहिद कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं असा बघत होता, की आपण तो मारला हे त्यालाही आताच कळलं असावं. आनंदाच्या उजव्या हाताला अख्खी वरची पेठ आली होती. चौदा पायऱ्या, पैलवान, म्हातारे, ढोल, सगळी तोंड उघडं टाकून, दगडांसकट, डावीकडं येत होती.

आणि खाली गोलसमोर संभा मगदूम उलटा पळत होता. साडेसहा फुटांचा माणूस पाठमोरा पळता पळता जमिनीवरून सुटला. आनंदानं तीस वर्षं गोलकीपर बघितले होते. असा कुणी सुटलेला बघितला नव्हता. संभा वर जात होता आणि त्याचा हात त्याच्याही वर जात होता.

"संभा," आनंदा म्हणाला.

डावीकडून दगड घासल्याचा आवाज आला. खालची पेठ, निळे झेंडे, ताशे, शाहिदचे म्हातारे वडील, सगळी संभाकडं बघत, जागची न उठता, उजवीकडं येत होती.

मधला चुन्याचा पट्टा हातभर उरला, मग वीतभर, मग बोटभर. हवालदारानं एक पाय उचलला. तो कुठं ठेवावा हे त्याला ठरवता येईना. त्यानं शिट्टी तोंडातून काढली.

"आता मी कुठं उभं राहू?" त्यानं विचारलं.

सगळे वर बघत होते.