न तापणारा लॅपटॉप

सासूबाईंचा लॅपटॉप जुना झाला, नवा घ्यायचा, एवढंच ठरलं होतं. पण माझ्या नवऱ्याला टाचण्या घ्यायच्या असल्या तरी आधी तुलना लागते. कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरांचा त्याने असा पिच्छा पुरवला की जेवताना तेच, दात घासताना तेच, माझ्या भावाला बघायला दवाखान्यात गेलो तर तिथेही तेच. हा वेगवान पण महाग, तो स्वस्त पण रडतखडत चालणारा, तिसरा उत्तम पण लवकरच त्याहून उत्तम येणार. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

एकदाचा लॅपटॉप आला. पंखा नाही, आवाज नाही, दिवसभर चालवला तरी गार. नवरा असा मिरवत होता, जणू चिप त्यानेच घडवली.

दोन दिवसांनी सासूबाईंनी तो त्याच्या हातात आणून ठेवला. "परत कर बाबा. बिघडलेला दिलाय. तापतच नाही."

"अगं आई, तोच तर त्याचा गुण! मालिका बघ कशा झरझर चालतात."

"मालिका कोण बघतंय? मी तो मांडीवर घेते गुडघे शेकायला. जुन्याने काय सुरेख शेक मिळायचा!"

नवरा पुन्हा स्क्रीनसमोर बसला.

"आता काय शोधतोयस?" मी विचारलं.

"किमतीच्या मानाने सगळ्यात जास्त तापणारा प्रोसेसर."

"अरे, गरम पाण्याची पिशवी मिळते बाजारात!" मी ओरडले.

त्याचे डोळे लकाकले. "कोणकोणत्या कंपन्यांची?"