धुतलेला रुपया

बेतीच्या फेरीबोटीत ह्यांनी माझ्या तळहातावर पहिला रुपया ठेवला, तेव्हा तो ह्यांच्या खिशात राहून कोमट झाला होता. चांदीचा, पण काळाभोर. पोर्तुगालच्या जुआंव राजाचा, गोव्याच्या टांकसाळीतला, तेव्हाच दीडशे वर्षांचा.

"पुसू नकोस हं," हे म्हणाले. "ह्या काळेपणातच त्याचं वय आहे."

लग्नाला दोन महिने झाले होते. मला वाटलं, मांडवीचं संध्याकाळचं पाणीच गोठून हातात आलंय.

तिथून आम्हा दोघांना पोर्तुगीज चांदीची नाणी जमवायचा नाद लागला. दिल्लीला बदली झाली, मयूर विहारचा फ्लॅट झाला, नाणी एकतीस झाली. दिवाळीला घरातली सगळी चांदी उजळायची, एवढी सोडून.

जाण्याआधी ह्यांनी गुरुग्रामच्या गुणवंतला शब्द दिला. नाणी पारखायला तो आमच्याच घरी शिकला. संग्रह फुटू द्यायचा नाही, एकतीसच्या एकतीस त्याची. मीही मान डोलावली होती. आता एक मागे ठेवते, असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

तो न्यायला येणार त्या दुपारी माझी लेक क्षिप्रा झोपली होती. मी बेसिनपाशी उभी राहिले आणि दातांच्या पावडरीनं तो पहिला रुपया घासला. काळं पाणी वाहू लागलं. त्यात बेतीचा धक्का दिसला, वाऱ्यानं फुगलेला ह्यांचा पांढरा शर्ट दिसला. राजाचे गाल चकाकले.

गुणवंतनं भिंग लावलं आणि थबकला.

"आई! धुतलास तू हा?" क्षिप्रा ओरडली. "मी नुसतं बोट लावलं तरी खेकसायचीस!"

"म्हातारपण गं. विसरले."

"तुम्ही आणि विसरणार, मावशी?" गुणवंत हसला. "कुठला डाग कुठल्या साली पडला ते सांगता तुम्ही!"

त्यानं रुपया दोनदा उलटसुलट केला.

"धुतलेलं नाणं संग्रहात चालत नाही. काका असते तर त्यांनीच बाहेर काढलं असतं."

आणि माझ्याकडे न बघता त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला.

आता तो माझ्या उशाशी असतो. पुन्हा तसा काळा व्हायला चाळीस वर्षं लागतील, असं क्षिप्रा अजून चिडून म्हणते. लागू देत. डोळे मिटले की खाली बोटीचं इंजिन धडधडतं, आणि पलीकडचा काठ अजून लांब असतो.