उंबऱ्याबाहेरचे पाय

चपला दाराबाहेर काढायच्या, ही शिस्त तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच घरी असते. केडगावच्या यज्ञेश्वर गुरुजींकडे ती जरा जास्तच होती. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस! पाहुणा कितीही तालेवार असो, पायताण बाहेर म्हणजे बाहेर.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेला, लीनाला, मिरजगावजवळ अपघात झाला. मणक्याला मार बसून कमरेखालचं बळ गेलं. पण पोरगी जिद्दीची! वर्षभर घाम गाळून ती कॅलिपर बांधून, म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंतच्या धातूच्या पट्ट्या बांधून, वॉकर धरून चालायला शिकली. आता कॅलिपरला बूट जोडलेले असतात. गुरुजींनी फर्मान काढलं, बूट पायरीवरच निघतील. चाकाची खुर्चीही अंगणातच. नवरा अर्णव वडिलांपुढे तोंड उघडेना. मग लीना दारात पट्टे सोडायची आणि घरभर हातांवर सरकत फिरायची. "थोडे दिवस माहेरी जाऊ का?" असं तिनं दोनदा विचारलं, तेव्हा गुरुजींना वाटलं, आईची आठवण येत असेल.

एका रविवारी श्रीमंत नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी लग्नाची पत्रिका घेऊन आला. लीनानं पाणी आणलं. पेला वीतभर पुढे सारायचा, मग आपण सरकायचं.

श्रीमंत ताडकन उठला. "वहिनी, काय झालं? परवा तर बँकेत चालत आला होतात!"

"बाहेर चालते, भाऊजी," लीना खाली बघत म्हणाली. "घरात नाही."

गुरुजींची कानशिलं तापली. "अरे, बूट... आत देवघर आहे ना..."

फरशी पुसणाऱ्या छबूबाईला राहवलं नाही. "गुरुजी, राग आला तर येऊ द्या. पूजेला बसताना तुमी चष्मा काढून ठिवता व्हय? मग हिच्या पायांनीच काय घोडं मारलंय? बुटाची माती मी पुसते की! पर ह्या पोरीच्या तळहाताला घट्टे पडल्यात, ते कुनी पुसायचं? पिशवी भरून ठिवलीय तिनं. अकोल्याला म्हायेरी निघालीय, कायमची. तिथं घरात उभं ऱ्हाऊ देत्यात म्हनं!"

गुरुजींनी लीनाचे तळहात आज पहिल्यांदा पाहिले. अरेरे! जन्मभर पोरांना माणुसकी शिकवली, आणि घरात हे? पाहुण्यासमोर, छबूबाईसमोर, आणि सगळ्यांत जास्त लीनासमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठले. पायरीवरचे कॅलिपर आत आणले, उपरण्यानं बुटांचे तळवे पुसले आणि सुनेसमोर उकिडवे बसले. एकेक पट्टा स्वतःच्या हातांनी बांधू लागले.

"चुकलो गं पोरी! जाऊ नकोस म्हणायलाही मला तोंड नाही."

"बाबा, गुडघ्याचा खटका राहिला," लीना म्हणाली.

त्यांनी खटका बसवला. श्रीमंतनं वॉकर पुढे केला. दोन वर्षांनी लीना स्वतःच्या घरात उभी राहिली! गुरुजी खालीच बसून होते. "आणि ती पिशवी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आधी ओट्याशी उभी राहून चहा टाकते," ती डोळे पुसत म्हणाली. "मग रिकामी करते."

वाचकहो, कॅलिपर घालणाऱ्याचे कॅलिपर हेच पाय! ज्या शिस्तीपायी घरचं माणूस जमिनीवर सरपटतं, तिला शिस्त म्हणायची आपल्याला लाज वाटली पाहिजे. आज आपल्या दारात जरा थांबून बघा. कुणाचे पाय आपण बाहेर काढून ठेवायला लावलेत?