तिळाची बाजू

माझ्यासमोर उभे राहून आजवर असंख्य माणसांनी भांग पाडला, घाम टिपला, उगाचच हसून पाहिले. पण खुद्द माझ्याकडे कोणी कधी पाहिले नाही. जो तो माझ्यात स्वतःलाच पाहून निघून गेला. मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतला जुना आरसा आहे.

एका मोठ्या कपाटासाठी आरशाची काच कापताना उरलेला मी तुकडा. काचवाल्याने मला अडगळीतच टाकले होते. तेव्हा नवा स्टुडिओ थाटणारे एक तरुण गृहस्थ दुकानात आले. त्यांनी मला निरखले, घासाघीस करून घेतले आणि घोंगडीत गुंडाळून सायकलवरून नेले. पुढे सगळी वस्ती त्यांना फोटोमास्तर म्हणू लागली. आतल्या खोलीच्या दाराशी, खिडकीच्या उजेडात, त्यांनी मला टांगले.

मास्तर आलेल्या माणसाला आधी एकच विचारायचे, ‘‘फोटो दाखवायचाय कोणाला?’’ नोकरीच्या अर्जासाठी असेल तर म्हणत, ‘‘पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट नको, साहेबाचे डोळे दुखतील.’’ लग्नाच्या स्थळासाठी असेल तर, ‘‘हसू नका. हसायचं फक्त मनात आणा, बाकीचं मी बघतो.’’ चष्मेवाल्याला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगत, म्हणजे काचेवर चमक येत नसे. मग बोट माझ्याकडे, ‘‘जा, एकदा आरशात बघून या.’’ त्या काळात माझ्यासमोर रांग लागे.

तरीही फोटो न्यायला आलेली कितीतरी माणसे तो पाहून नाक मुरडत. ‘‘हा मी नव्हेच!’’ मास्तर वाद घालत नसत. त्यांना कारण ठाऊक होते. माणसाला स्वतःचा चेहरा ठाऊक असतो तो माझ्यातला, म्हणजे डाव्याउजव्याची अदलाबदल झालेला. फोटोत तो सरळ उमटतो आणि म्हणून परका वाटतो. मास्तर अंधाऱ्या खोलीत जात, निगेटिव्ह पालथी घालून पुन्हा छापत आणि उलटा फोटो हातात ठेवत. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणे, ‘‘हां! आता कसा मी दिसतोय!’’

एकदा एक बसचालक आपल्या नव्या बायकोला घेऊन आला. तिच्या डाव्या गालावर ठसठशीत तीळ होता. माझ्यासमोर ती बराच वेळ रेंगाळली. फोटो पाहून मात्र म्हणाली, ‘‘इश्श, नाक वाकडं आलंय. ही कोण बया?’’ मास्तरांनी आपली नेहमीची युक्ती केली आणि ती हसत घरी गेली.

दिवस पालटले. मास्तर गेले. स्टुडिओ त्यांच्या लेकीकडे आला. ती कामात वडिलांइतकीच चोख आहे. पण आता फोटो बहुतेक बाहेर जाऊनच काढायचे असतात आणि सल्ला फोनवरून द्यायचा असतो. जे कोणी येतात ते आपला चेहरा खिशातल्या फोनमध्येच पाहून घेतात. माझ्यापुढे फोटोच्या दिव्यांना लावायच्या छत्र्या रचून ठेवल्या आहेत. कोपऱ्यातला पारा उडाला आहे. मास्तरांची खुर्ची, पलीकडची भिंत आणि त्यांवरून सरकणारा उजेड, एवढेच माझ्यात उरले होते. मित्रांनो, रिकाम्या खोलीचे प्रतिबिंब जपत बसणे फार जड असते.

अशाच एका दुपारी तो बसचालक आला. आता तो थकलेला, निवृत्त म्हातारा होता. त्याने हातरुमालातून बायकोचा फोटो काढला.

‘‘मोठा करून हवाय. ही गेली गेल्या वर्षी.’’ मग जरा घुटमळून म्हणाला, ‘‘ताई, एक विचारू? फोटो खोटं बोलतो का हो?’’

‘‘का हो काका?’’

‘‘मला आठवतं, तीळ डाव्या गालावर होता. रुसली की तोच गाल माझ्याकडे करून बसायची. फोटोत बघा, उजव्यावर! बाकीचे फोटो सगळे घोळक्यातले, त्यांत काय दिसणार? पोरगा म्हणतो, बाबा, डोळ्यांनी दिसतंय तरी भांडताय? सून म्हणते, वयानं होतं असं. बाकी काय विसरलो असेन ते असेन, पण हिचा चेहरा...’’ त्याचा आवाज बारीक झाला. ‘‘आता माझीच मला खात्री वाटेना.’’

मला सारे ठाऊक होते. त्या बाईला माझ्याइतक्या जवळून त्या खोलीत कोणीच पाहिले नव्हते. पण आरशाला वाचा नसते.

लेक फोटोकडे पाहत राहिली. आहे तोच मोठा करून दिला असता तर काम झाले असते आणि वडिलांच्या नावालाही धक्का लागला नसता. तिने त्याला फोटोचे साल विचारले, माळ्यावरचे खोके उतरवले, निगेटिव्ह शोधली. तिची चकचकीत बाजू आणि निस्तेज बाजू उजेडात उलटसुलट करून पाहिली. चकचकीत बाजूने चेहरा सरळ दिसतो, निस्तेज बाजूने उलटा. मग दिव्यांच्या छत्र्या बाजूला सारून तिने म्हाताऱ्याला माझ्यासमोर उभे केले.

‘‘काका, उजवा कान धरा.’’

‘‘या वयात कान धरायला लावता होय?’’

‘‘धरा तर खरं. आरशातल्या माणसानं कुठला धरलाय?’’

‘‘डावा.’’ तो थबकला. ‘‘बसच्या आरशात मागच्या गाडीवरची अक्षरं उलटी दिसायची, तसंच की हे.’’

‘‘काकूंना आपला चेहरा असाच माहीत होता. सरळ फोटो आवडला नाही, म्हणून बाबांनी उलटा छापून दिला. तुमचं बरोबर आहे काका. चूक आमच्या दुकानाची.’’

म्हाताऱ्याने माझ्या चौकटीला हात टेकला.

तिने नवा, सरळ फोटो छापून त्याच्या हातात दिला. त्याने अंगठा हळूच त्या डाव्या गालाशी नेला आणि एकदम हसला. ‘‘हीच! बघा, रुसलीय अजून!’’ हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

‘‘जुना ठेवून घेऊ का इथंच?’’ तिने विचारले.

‘‘छे, छे! तो तिचा आहे. तिला ती तशीच माहीत होती. हा माझा. दोन्ही शेजारी शेजारी लावतो. बसू दे पोराला डोकं खाजवत!’’

दोन्ही फोटो छातीशी धरून तो गेला. छत्र्या पुन्हा माझ्यापुढे आल्या.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमचा खरा चेहरा तुम्ही स्वतः कधीच पाहिलेला नसतो. मी दाखवतो तो उलटा. सरळ चेहरा असतो तो रोज तुमच्यासमोर बसणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत, तुम्ही त्यांच्याकडे ठेवायला दिल्यासारखा. त्यांचाही तुमच्याकडे असतो. तो नीट पाहून ठेवा, आणि ज्याने पाहून ठेवला आहे त्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुला आठवत नाही’ असे चटकन म्हणू नका.

मला पुसले नाही तरी चालेल. माझा चेहरा कसा आहे, हे मला सांगणारे कोणी नाही. तुम्हाला मात्र आहे.